अभ्यासिकेचं भूषण

"बघा, याला म्हणतात अभ्यास!" अभ्यासिकेचे मालक कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट दाखवून एका नव्या मुलीच्या वडिलांना सांगत होते. "सकाळी मी कुलूप काढायच्या आत हे दारात हजर."

तपस्वीने मान वर केली नाही. हे नाव त्याला इथेच पडलं होतं आणि ते आपल्याला शोभतं, असं त्याचं ठाम मत होतं. सरकारी नोकरीच्या परीक्षेचं पुस्तक त्याने इतक्या वेळा रंगवलं होतं की आता कोरी ओळ शोधावी लागे. ओळीवर पिवळा हायलायटर फिरवला की ती डोक्यात गेली, असा त्याचा हिशेब. दरवर्षी नापास व्हायचा, तो मात्र पेपर काढणाऱ्यांच्या मूर्खपणामुळे.

त्याला खरी चीड होती शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीची. ही बया एक पान वाचायची, पुस्तक मिटायची आणि आठवेल ते कागदावर खरडायची. मग पुस्तक उघडून स्वतःच्याच चुकांवर कपाळाला हात लावायची. समोर पुस्तक असताना आठवत काय बसायचं, म्हणून तो नाक मुरडायचा. वर संध्याकाळ झाली की ती चक्क घरी जायची.

निकाल लागला. ती पहिल्याच फटक्यात पास झाली. तो पुन्हा नापास झाला आणि वयाच्या अटीमुळे आता एकच संधी उरली. ती निरोप घ्यायला आली तेव्हा कुणी विचारलं नसताना म्हणाली, "दादा, एकदा पुस्तक मिटून बघा. काय येत नाही ते तरी कळेल."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला खोटं पाडायचं म्हणूनच त्याने सगळ्यात पाठ असलेला धडा निवडला, पुस्तक मिटलं आणि लिहायला घेतलं. दीड ओळीत पेन थांबलं. पुढचं काही आठवेना. एवढी वर्षं आपण नुसतं रंगकाम केलं, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने पिशवी भरली आणि मालकांच्या टेबलापाशी गेला.

"काका, उद्यापासून येत नाही. घरीच बसतो, तिच्यासारखा अभ्यास करून बघतो. या वेळी पास व्हायचंच आहे."

मालक ताडकन उठले आणि त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. "असं नका करू हो! वाटल्यास फी देऊ नका, पण खुर्ची सोडू नका. पास होणारे काय, वर्षभरात निघून जातात; मग नव्या पालकांना दाखवू कुणाला? ही अभ्यासिका उभी आहे ती तुमच्यासारख्यांच्या जिवावर!"