न पडलेला पैलवान

ग्रीको-रोमन कुस्तीतला राष्ट्रीय विजेता रुपेश. नाचणगावच्या चौकात त्याचा वीस फुटी फ्लेक्स लागला, सत्काराला अख्खं गाव डीजेसमोर नाचलं. घरी येताच गळ्यातला हारही न काढता त्याने बायकोला कमरेला धरून उचललं आणि फरशीवर आपटलं. मोबाइलवर लाखो लोक याच डावाला टाळ्या वाजवत होते.

“सत्काराले काऊन नाई आली? लोक विचारून राह्यले होते मले!”

“तोंड सुजलं होतं,” मेघा म्हणाली. “काल मारलं ना तुमी.”

तो पुन्हा अंगावर धावला. मेघाच्या हाताला कोपऱ्यातलं मुसळ लागलं.

रुपेशला कुस्ती शिकवणारे वस्ताद दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे फुटलेले होते. मेघा बाहेरच्या बाकावर पोलिसांची वाट पाहत बसली होती.

“पोरी, बारा वर्षांत याले कोनी पाडलं नाई. तुले कसं जमलं?”

फुटलेल्या ओठावरचं रक्त तिने पदराने पुसलं.

“त्याची एकूण एक कुस्ती पाह्यली मी, वस्ताद. तुमच्या खेळात कमरेखाली हात लावाले मनाई हाये. पाय वाचवाले तुमी त्याले कधी शिकवलंच नाई.”