दोन देशांची बेरीज

"दोन माणसं," रायना आजी म्हणाली. "मी आणि माझा दिमो. लिही आणि मोकळा हो."

राजधानी सोफियाच्या विद्यापीठातून आलेल्या आसेननं अंगणभर नजर फिरवली. चुलीवर लाल मिरच्या भाजत होत्या. आजी आणि शेजारची मिल्का त्यांची जळकी सालं काढत बसल्या होत्या. एक मांजर होतं. दिमो नव्हता.

"कुठंय तो?"

"द्राक्षमळ्यात. येईल संध्याकाळी."

"जनगणनेलाही तुम्ही हेच सांगितलंत, आजी. आणि मिल्काताई, तुम्ही तर तेव्हा स्पेनमध्ये होतात, तरी तुमच्या घरात तुमची नोंद आहे!"

"नवऱ्यानं केली," मिल्का म्हणाली. "मग काय बिचाऱ्यानं बायकोच नाही म्हणून सांगायचं?"

आमच्या गावाचं हे असंच. गणनेच्या दिवशी इतकी माणसं द्राक्षमळ्यात गेलेली असतात, की तेवढ्या वेली आख्ख्या बल्गेरियात नसतील. कागदावर गाव गच्च भरलेलं असतं आणि धूर निघतो मोजक्या धुराड्यांतून. मेलेल्यांना मात्र आम्ही मोजत नाही. तेवढे प्रामाणिक आहोत.

आसेनला नेमकी हीच गाठ सोडवायची होती. इथली गणना म्हणते माणसं इथं आहेत, स्पेनची म्हणते तिथं आहेत. बेरीज केली तर आयांनी जन्माला घातली त्याहून जास्त निघतात.

"वर्षाहून अधिक काळ बाहेर असलेला माणूस इथं धरायचा नसतो," त्यानं समजावलं. "त्याला तिथं मोजतात. दोन्ही देशांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले ना आजी, की कुणी हरवत नाही."

आजीची सुरी थांबली. "कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"मग माझा दिमो शोध. सापडला तर इथून खोड त्याला. माझी ना नाही."

मिल्का हसली. "काकू, मी सांगते ना! आहे तिथंच, त्या संत्र्यांच्या गावात. मी परत निघाले तेव्हा म्हणाला, आईला सांग, फोन बिघडलाय."

"बाप सगळ्या जिल्ह्याचे रेडिओ दुरुस्त करायचा," आजी म्हणाली, "आणि याला वर्षानुवर्षं एक फोन दुरुस्त होईना."

"यात नावं नसतात, आजी," आसेन म्हणाला. "नुसते आकडे असतात."

"मग आकडा शोध. एकच तर आहे. तिथं आपल्याकडचा पुरुष तो एकटाच, बाकी सगळ्या बायका. मिल्काच सांगते."

आमच्याकडे इंटरनेट फक्त लाकडांच्या ढिगावर येतं, तेही वारा डोंगराकडून असेल तर. आसेन ढिगावर चढला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. खालून आजी त्याच्याकडं बघत होती, डॉक्टरकडं बघावं तशी.

"सापडलं गाव," तो वरून म्हणाला. त्याला आनंद झाला होता, शोधणाऱ्याला होतोच. "बल्गेरियाचे नागरिक. स्त्रिया, अकरा. पुरुष..."

"एक," आजी म्हणाली.

"पुरुष, शून्य."

मिल्काच्या हातातली मिरची तिच्या मांडीवर पडली. "तुझं यंत्र जुनं असेल. कितीतरी लोक नोंद न करता राहतात तिथं!"

"नाही ताई. त्याची नोंद होती. हे बघा, आधीच्या वर्षांत पुरुष एक आहे. दरवर्षी एक. मग एकदम शून्य."

"मग गेला कुठं?" आजीनं विचारलं.

"दुसऱ्या गावी गेला असेल. त्याचा वेगळा तक्ता असतो." त्यानं तो उघडला. "तिथून दुसरीकडं गेलेले, पुरुष... नाही."

"इकडं यायला निघाला असेल."

"मायदेशी परतलेले..." तो हळू बोलायला लागला होता. "नाहीत."

"पुरे कर रे," मिल्का म्हणाली. "खाली उतर. मिरच्या खा गरम गरम."

अजून एक तक्ता उरला होता. त्याच्या मथळ्यावर आसेनचं बोट गेलं आणि तिथंच राहिलं. मग त्यानं लॅपटॉप मिटला.

"चार्जिंग संपलं, आजी."

यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत होता. आजीला तो दिसला. तिनं पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले, घरात गेली, घरी गाळलेली दारू, राकिया, घेऊन आली आणि तीन छोटे पेले काठोकाठ भरले.

आमच्याकडे जित्याजागत्या माणसाच्या नावानं प्यायचं तर पेल्यावर पेला वाजवतात. गेलेल्याच्या नावानं वाजवत नाहीत. हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. हात आपसूक तसे वागतात.

"माझ्या दिमोच्या नावानं," आजी म्हणाली आणि तिनं पेला मिल्कापुढं धरला.

मिल्कानं पेला उचलला. दोन्ही हातांनी छातीशी धरला. तिच्या बोटांना मिरच्यांची काळी सालं चिकटली होती. तिनं पुष्कळ जोर लावला असावा, कारण राकिया तिच्या मनगटावरून ओघळत होती. पण पेला काही पुढं आला नाही.

आसेन ढिगावरून धडपडत उतरला आणि घाईघाईनं आपला पेला आजीच्या पेल्यावर वाजवला.

"तू कशाला वाजवतोस, पोरा?" आजी म्हणाली. तिचा हात तसाच पुढं होता, आणि नजर मिल्कावर. "तू कुठं पाहिलं होतंस त्याला."