नोट किती वाढली

"ही माझी नोट नाही," मुलगी म्हणाली आणि पन्नासची नोट काचेखालच्या फटीतून परत आत सरकवली.

रोखपालाने चष्मा कपाळावर चढवला. पतपेढीची ही खिडकी तो लग्नाच्या आधीपासून सांभाळत होता. पैसे कमी मिळाले म्हणून भांडणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. मिळालेली नोट ओळखीची नाही म्हणून नाकारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटत होतं. ते टाचा उंचावून उभं होतं आणि त्याच्या हातात शाळेची पट्टी होती. मागे त्याची आत्या, अर्धी हसत, अर्धी ओशाळलेली.

"हिच्या बक्षिसाची नोट आम्ही गेल्या वर्षी इथे ठेवली," आत्या म्हणाली. "मी आपली बोलून गेले, इथे पैसे वाढतात. तर आता किती वाढली ते मोजायचंय म्हणे. सकाळपासून डोकं खाल्लंय नुसतं."

रांगेत हशा पिकला.

"ही कोरी आहे," मुलगी म्हणाली. "माझ्या नोटेवर मी कोपऱ्यात फूल काढलंय. निळ्या पेनाने. ती द्या."

काच जाड होती, पंखा खडखडत होता आणि रोखपालाचा चहा अजून आला नव्हता. तो ओरडूनच बोलला.

"अगं बाई, तुझी नोट आता इथे कुठून असणार? ती कधीच दुसऱ्या कुणाला तरी दिली!"

"मला न विचारता?"

"सगळ्यांच्याच देतो! कुणाची तशीच ठेवतो का आम्ही?"

हशा थांबला. खरं तर ही गोष्ट रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि खिडकीतून कुणीतरी ओरडून सांगणं वेगळं. त्यात मागच्याच महिन्यात बाजारातली दुसरी एक पतपेढी सकाळी उघडलीच नव्हती. पैसे भरायला आलेल्या वेल्डरने पैसे परत खिशात घातले. निवृत्त मास्तर छातीशी ठेवपावती धरून पुढे घुसले. "माझी ठेव आजच्या आज मोडा. मुदत गेली खड्ड्यात!" भाजीवालीने नवऱ्याला फोन लावला. "अहो, गाडी तिथेच सोडा नि पासबुक घेऊन या. लेकराचे पैसे दिलेत यांनी कुणाला तरी. हो, हो, स्वतःच सांगतायत!"

हां हां म्हणता रांग दाराबाहेर गेली आणि जिना उतरू लागली.

केबिनमधून व्यवस्थापकाने ती रांग पाहिली. पतपेढी बुडालेली नव्हती. लोकांचे पैसे होते, फक्त ते तिजोरीत नव्हते. ते कुणाच्या छपरावर पत्रे होऊन बसले होते, कुणाच्या गिरणीत दळण दळत होते, कुणाच्या टेम्पोबरोबर परगावी गेले होते. त्यांना हाक मारली म्हणून ते संध्याकाळपर्यंत परत येणार नव्हते. तिजोरीत रोजच्या दिवसापुरतं होतं आणि ही रांग रोजची नव्हती. दुपारी खिडकी बंद करावी लागली, तर उद्या धडधाकट पतपेढीही बुडणार होती.

तो बाहेर आला आणि कृपा करून शांत राहा, म्हणाला. असं सांगितल्यावर लोक जेवढे शांत राहतात, तेवढेच राहिले.

"आधी त्या पोरीची नोट दाखवा!" मास्तर गरजले. "एका लेकराची पन्नासची नोट सांभाळता येत नाही तुम्हाला, आमचं काय सांभाळणार?"

व्यवस्थापकाने मास्तरांकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. "थांबा. आतल्या कप्प्यात बघतो," तो म्हणाला आणि केबिनचं दार लावून घेतलं.

बराच वेळ गेला. जिन्यावरचे लोक वरच्यांना काय झालं विचारत होते, वरचे त्यांना वाटेल ते सांगत होते. शेवटी दार उघडलं.

"सापडली," व्यवस्थापक म्हणाला.

मुलीने नोट दोन्ही हातांत धरली. कोपऱ्यात निळं फूल होतं. तिने फुलाकडे पाहिलं, मग व्यवस्थापकाकडे, मग पुन्हा फुलाकडे. पंखासुद्धा हळू फिरत असल्यासारखा वाटला.

"हीच," ती म्हणाली.

मग तिने नोट टेबलावर पसरली, आधी उभी पट्टी लावली, मग आडवी. "पण वाढली नाहीये."

"आमच्या तरी कुठे वाढल्यात, बाय!" भाजीवाली म्हणाली आणि सगळी खोली खो खो हसली. तो हशा जिन्यावरून खाली गेला. खाली कुणाला कारण कळलं नाही, तरी तेही हसले.

"घरी नेतेस ना?" व्यवस्थापकाने विचारलं.

"नको. ठेवा परत. बघायचीच होती."

त्यानंतर पैसे मागायची लोकांना लाजच वाटली. मास्तरांनी मुदत संपायला किती महिने उरलेत, एवढंच हळूच विचारून घेतलं. वेल्डरने खिशातले पैसे पुन्हा बाहेर काढून खिडकीत भरले. भाजीवालीने नवऱ्याला फोन करून, गाडी सोडून कुठे उलथलात, म्हणून झापलं.

रस्त्यावर आल्यावर आत्याचा इतका वेळ धरून ठेवलेला राग सुटला. "सगळं गाव गोळा केलंस! मिळाली ना शेवटी तुझी नोट?"

"नाही. माझ्या फुलाला देठ नव्हता."

आत्या जागच्या जागी थबकली. "मग 'हीच' कशाला म्हणालीस, भवाने?"

"नाही म्हटलं असतं, तर सगळ्यांनीच आपापली नोट मागितली असती," मुलगी म्हणाली. "आणि त्या काकांना एक फूल काढायलाच किती वेळ लागला!"