वाढत्या अंगाचा फ्रॉक

ओमानमधल्या बरका शहराबाहेरच्या शूटिंग रेंजवर गणपत मातीच्या उडत्या थाळ्या फोडायला शिकवायचा. प्रत्येक नवख्याला तो बजावायचा, "थाळी दिसते तिथं नाही, तिच्या पुढं नेम धरा. छर्रे पोचेस्तोवर ती पुढं गेलेली असते."

कणकवलीला लेकीसाठी फ्रॉक पाठवतानाही त्याचा हाच हिशेब असे. कायम वाढत्या अंगाचा घ्यायचा. गावी जाणाऱ्या कुणाच्या तरी हातून पोचेपर्यंत तो तिला चपखल बसायचा.

यंदा व्हिडिओ कॉलवर यशश्री म्हणाली, "बाबा, पुढचा फ्रॉक पाठवू नका. तुम्हीच घेऊन या."

गणपत हरखून दुकानात गेला.

"केवढ्या मुलीसाठी दाखवू?" दुकानदारानं विचारलं.

गणपतला सांगता येईना. रजा कधी मिळेल विचारलं की अर्बाब, त्याचा मालक, नुसतं 'इन्शाल्ला' म्हणत होता.