ईटला दाखवलेला शेवट

"हा शेवट सिनेमात नव्हताच, पोरी," बब्रुवानअण्णा म्हणाले.

मंजुषानं लॅपटॉपवर दाखवत असलेला सिनेमा थांबवला. जत्रेतल्या तंबू टॉकीजचे हे जुने ऑपरेटर शाबासकी देतील म्हणून तिनं त्यांना मुद्दाम घरी बोलावलं होतं. उद्या आईची सत्तरी. आईचा लाडका कृष्णधवल सिनेमा दाखवायचा बेत होता. तो नेटवर सापडला, पण शेवट भलताच. नायिका नर्सिंग शिकायला एसटीनं निघते, पुढच्याच थांब्यावर उतरते आणि माघारी येऊन नवऱ्याचे पाय धरते. आई तर जन्मभर सांगत आली होती, की नायिका शिकायला गेलीच, परतली नाही. ईट गावात कशावरच दोघांचं जमत नाही, पण या शेवटावर सगळ्या गावाचं एकमत. खरा शेवट हरवला असणार, असं समजून मंजुषानं महिनाभर खपून तो एआयकडून बनवून घेतला होता. चेहरा हुबेहूब तोच, एसटी धुरळा उडवत निघून जाते.

"मग गावाला कसा आठवतो?"

"ती माघारी येती तेवढा भाग म्या गाळला व्हता. जत्रंत पहिल्या दिशी खेळ सुटला. गडी टाळ्या पिटत गेले अन् बाया खाली मान घालून. मला न्हाय बघवलं. दुसऱ्या दिशी एसटी निघाली की मशीन बंद केली. म्हणलं, संपला सिनेमा. पुढं जत्रा उठंस्तवर तसाच दाखवला, गावात तोच शेवट ऱ्हायला. त्यावर इस्वास ठिवून तुझी आई सासरचा इरोध मोडून नर्स झाली. म्या फसवलं तिला. आता कळलं तर काय वाटंल?"

मंजुषा करायला गेली एक आणि झालं भलतंच. एका खोट्यावर दुसरं खोटं, तेही यंत्राकडून. आईला असलं दाखवायचं नाही, असं ठरवून ती फाइल पुसायला लागली.

"राहू दे ती," तिची आई, सिताबाई, दारातून म्हणाल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

अण्णा गडबडीनं उठले. सिताबाईंनी चहाचे कप खाली ठेवले.

"बसा अण्णा. पहिल्या दिशीबी म्या तंबूत व्हते. घरी जाऊन लई रडले. दुसऱ्या दिशी परत आले, तर शेवट बदललेला. तवाच कळलं, शेवट बदलता येतो. तिसऱ्या दिशी म्या एसटीत बसले."