पुढच्या मंगळवारपर्यंत

"भालेराव पूनम," फायनान्सच्या साहेबांनी नाव पुकारलं.

पूनम उठली नाही. विहाराच्या ओसरीवर गटाच्या दहा बायका बसल्या होत्या. नऊ जणींचे पैसे देऊन झाले होते. एकीचा हप्ता राहिला तरी साहेब तिथून हलणार नव्हते, आणि साहेब हलल्याशिवाय बायकांनाही उठता येणार नव्हतं.

"सातशे हायेत," पूनम म्हणाली. "कँटीन बंद हाय, साहेब. चालू झालं की सगळं देते."

दौंडहून कुरकुंभच्या एका कंपनीत ती चार वर्षं कँटीनच्या कामाला जात होती. दुरुस्तीसाठी कंपनी दोन महिने बंद राहणार, असं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं होतं. नवरा सम्राट रांजणगावला कंत्राटी कामावर होता आणि शिरूरला खोली घेऊन राहायचा. त्याच्या पगारात सासूचं औषधपाणी आणि घरखर्च कसाबसा निघायचा. घरावर पत्रे टाकायला काढलेल्या कर्जाचा हप्ता पूनमच्या पगारातून जायचा.

"राहिलेले मी घालते," अनसाबाई म्हणाल्या. त्या गटाच्या अध्यक्षा होत्या. कनवटीची पिशवी सोडून त्यांनी नोटा साहेबांपुढे ठेवल्या.

साहेब भला माणूस होता. उठता उठता म्हणाला, "ताई, अर्ज करा ना. उत्पन्न तात्पुरतं कमी झालंय असं लिहून द्या. मुदत वाढते, हप्ता लहान होतो. कंपनीत एक फोन करून खात्री करतात, बस."

पूनमनं आशेनं अनसाबाईंकडं पाहिलं.

"अर्जबिर्ज काय नको," अनसाबाई म्हणाल्या. "एकदा नाव खराब झालं की पुढचं कर्ज कुनालाच मिळत न्हाई. पोरीचं आमी बघतो."

बायकांनी माना हलवल्या. साहेब गेला.

त्यानंतरचे दिवस पूनमनं रेटले. पाटसला ऊस खुरपायला गेली. पहिल्याच आठवड्यात हात सोलले, मग मुकादमानं माणसं कमी केली. मिक्सर विकला. मुलगी गौतमी आठवीत होती. तिला सहलीला पाठवलं नाही. दर मंगळवारी पैसे कमी पडत, आणि दर मंगळवारी अनसाबाई कमी पडलेले घालत.

"मावशी, कसं फेडू तुमचं?" एकदा ती त्यांच्या घरी जाऊन म्हणाली.

"फेडशील गं. मी कुठं पळून चाललेय?" अनसाबाईंनी तिच्यापुढं चहा ठेवला. घर शांत होतं. मुलाची रिक्षा पावसाळ्यापासून दारात तशीच पडून होती.

"रुपाली दिसत न्हाई."

"माहेरी गेलीय. आईचा पाय मोडलाय तिच्या." सुनेबद्दल एवढंच बोलून त्यांनी पूनमची बशी पुन्हा भरली.

"कंपनीचा फोन आला का वो मावशी?"

घरातला एकुलता फोन सम्राट शिरूरला न्यायचा. म्हणून पूनमनं कंपनीच्या कागदावर अनसाबाईंचा नंबर दिला होता.

"आला की धावत येऊन सांगनार न्हाई का तुला? आन् तू उगा गेटवर जाऊ नको. मागं लागलेल्या बाया ठेकेदाराला आवडत न्हाईत."

दोन महिन्यांचे तीन झाले. पूनम रात्री अंथरुणावर पडे, पण झोप येत नसे. सुट्टीला घरी आला की सम्राट म्हणायचा, पत्रे काढून विकू. चेष्टेत म्हणायचा, पण हसायचा नाही.

चौथ्या महिन्यातल्या मंगळवारी पूनमकडं दोनशेच रुपये होते. अनसाबाईंनी राहिलेले सगळे घातले. त्यांच्या शेजारी बसलेली शेवंताबाई हळूच म्हणाली, "दुसऱ्याच्या जिवावर किती दिस काढायचे मानसानं?"

"गप गं," अनसाबाईंनी तिला दटावलं. "येळ कुनावर येत न्हाई?"

पूनम मान खाली घालून घरी आली. त्या रात्री तिनं ठरवलं. ठेकेदार चिडला तर चिडू दे. कँटीन कधी चालू होणार, एवढं तरी विचारून यायचं. निदान मावशीला एक तारीख सांगता येईल. आणि नाहीच होणार म्हणाले, तर धुणीभांडी बघायची, पण मावशीच्या पैशाला पुन्हा हात लावायचा नाही.

सकाळी गौतमीला शाळेत सोडून ती वडापच्या जीपनं कुरकुंभला उतरली. गेटवर नवाच वॉचमन होता.

"काय काम हाय?"

"मी कँटीनला होते, दादा. कँटीन कवा चालू व्हनार, ते इचारायला आले."

"चालू व्हनार?" तो हसला. "दीड महिना झाला चालू होऊन. ठेकेदार नवीन हाय, पण जुन्याच बाया घ्यायच्या म्हनला. यादीवरच्या सगळ्यांना फोन केलते, पण बाकीच्या दुसरीकडं लागल्यात, जुन्यातली एकच आली."

पूनम पुढं सरकली. "मला न्हाई आला. माझं नाव असंल त्यात. बघा की जरा."

"काय नाव?"

"पूनम सम्राट भालेराव. दौंड."

वॉचमननं वही उघडली. बोट वरून खाली आणलं आणि एका ओळीवर थांबवलं. मान वर करून त्यानं तिला नीट न्याहाळलं.

"परत सांगा."

"पूनम सम्राट भालेराव."

"बाई, सकाळी सकाळी माझी चेष्टा करता का?" वही मिटून तो कँटीनच्या दाराकडं वळला आणि मोठ्यानं ओरडला, "ए पूनम! भालेराव! बाहेर ये जरा, कोन आलंय बघ!"

आतून "आले, आले" असा आवाज आला, आणि कांदा चिरून झोंबलेले डोळे मनगटानं पुसत अनसाबाईंची रुपाली बाहेर आली.