मानेची चौकशी

खोलीत नऊ माणसं होती. तीन प्रमोदच्या घरची: तो स्वतः, वडील भीमराज आणि आई लक्ष्मीबाई. उरलेली सहा मुलीकडची. आणि सहाच्या सहा प्रमोदच्या मानेकडे बघत होती.

प्रमोदनं हळूच कॉलर चाचपली. शर्ट नवा होता, किमतीची चिठ्ठी तर राहिली नसेल? नव्हती.

"पाव्हणे, जरा वर पंख्याकडं बघा बरं," मुलीचे मामा ग्यानोबा म्हणाले.

प्रमोदनं पंखा बघितला.

"आता त्या कॅलेंडरकडं. आता खिडकीकडं."

त्यानं तेही केलं. मुलीची मावशी तिच्या आईच्या कानाशी लागली. "फिरते तर बराबर," ती कुजबुजली. सगळ्यांना ऐकू गेलं.

प्रमोदचं हे चौथं स्थळ. पहिल्या तिघांनी "कळवतो" म्हणून सांगितलं आणि काहीच कळवलं नाही. पोरगं बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचं. हाताला काम भरपूर, सुपारीचंही व्यसन नाही. तरी घोडं कुठे अडतं, हे भीमराजला उमगत नव्हतं. आणि या वेळी प्रमोदचाच जीव अडकला होता. मुलगी, ऐश्वर्या, इथे कळमनुरीतच रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. मघाशी तिनं एवढंच विचारलं होतं, "तुमच्याकडं पाणी किती फुटांवर लागतं?" तो म्हणाला, "दोनशे ऐंशी." तिनं लगेच विचारलं, "मोजलं की अंदाज?" तेव्हाच त्याच्या मनानं घेतलं, लग्न करावं तर हिच्याशीच.

"आता जरा खाली वाका," मामा म्हणाले.

लक्ष्मीबाईंचा धीर सुटला. "काहून हो? पोरगी दाखवून राहिले का पोराला कवायत शिकवून राहिले?"

मामांनी घसा साफ केला. "ताई, लपवून काय करता. माझं पंक्चरचं दुकान शिरड शहापूरच्या फाट्यावर हाय. सोयरीक म्हणल्यावर चौकशी करावंच लागते. पाच दिवस आमी पाळत ठेवली. पोरगं मोटरसायकलवर सकाळी गेलं तर मान उजव्या खांद्यावर पडलेली. संध्याकाळी आलं, तरी पडलेलीच. धा फेऱ्या, धाच्या धा वाकड्या. आमी म्हणलं, जन्माची हाय का मागून काही झालं?"

लक्ष्मीबाईंनी तोंडाला पदर लावला आणि गदगदा हसायला लागल्या.

"अवो मामा, जन्माची कशाची! फोन ऱ्हातो तिथं, खांद्यात दाबलेला. गिऱ्हाइकं दम खात न्हाईत. माझं लेकरू गाडी बी चालवतं अन् बोलतं बी. एका टायमाला दोन कामं!"

सगळी खोली हसली. मावशीनं आणखी चहा टाकला. भीमराजनं कपाळावर हात मारला. "म्हंजे ते आधीचे तिघं बी फाट्यावरूनच माघारी गेले म्हणा की!"

प्रमोदच्या छातीवरचा धोंडा उतरला. हसत हसत त्यानं विचारलं, "पण मामा, फाट्यावर तुमचं दुकान नेमकं कुठं?"

"लिंबाच्या झाडाखाली. पिवळा बोर्ड हाय, ह्या दारापेक्षा मोठा. तीन साल झाले."

प्रमोदनं आठवून बघितलं. तो त्या फाट्यावरून दिवसातून दोनदा जायचा. पिवळा बोर्ड आठवेना. मग लिंबाचं झाड आठवायचा प्रयत्न केला. तेही आठवेना.

"परवा तर हात बी केला मी," मामा म्हणाले.

ऐश्वर्या एकटीच हसायची थांबली होती.

"मी हो म्हणणार होते," ती म्हणाली.

तिनं प्रमोदकडे सरळ बघितलं.

"मान वाकडी असती तरी. डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं मी. आजार काय कोणी मागून घेत नाही. पण तुमची मान चांगली आहे. ती तुम्ही हौसेनं वाकडी करता, चालत्या गाडीवर. आता मला विचार करावा लागेल."

"अगं माय," लक्ष्मीबाई म्हणाल्या, "वाकडी चालली असती अन् सरळ चालंना?"

प्रमोदनं बाजू सावरायला घेतली. "गिऱ्हाइकाची मोटर बंद पडली की ते घाईला येतं. फोन न्हाई उचलला तर..."

"अर्धा तास नाही उचलला तर काय होतं?"

तो खोटं बोलणारा नव्हता. "पाणी अर्धा तास उशिरा येतं."

"आणि तुम्ही पडलात तर?"

बोअर किती खोल, मोटर किती ताकदीची, वायर किती फूट, सगळं प्रमोदला तोंडपाठ होतं. हे त्यानं कधी मोजलं नव्हतं. पहिल्यांदाच त्याची मान खरोखर खाली गेली.

"किती दिवस विचार करशील, बाई?" भीमराजनं विचारलं.

"तीस. मामा मोजतील."

एकतिसाव्या दिवशी मामा भीमराजच्या घरी आले. बूड टेकायच्या आधीच त्यांनी खिशातून वहीचा कागद काढून पुढे केला. काळ्या ग्रीसचा अंगठा उमटलेल्या त्या कागदावर चार ओळी होत्या.

एकूण फेऱ्या: साठ.

मान सरळ: साठ.

दुकानासमोर गाडी बंद करून, खाली उतरून घेतलेले फोन: एकवीस.

त्यातले ऐश्वर्याचे: एकोणीस.